खुर्ची आपल्या मापाची



वसंत व्याख्यानमालेच्या व्यासपीठावर ज्ञानेश्वरीपासून राज्यघटनेपर्यंत सारे मोठमोठे विषय येऊन जातात. त्या मानाने माझा आजचा विषय फारच लहान आणि घरगुती वाटेल. चाकांची खुर्ची बसणाऱ्याने आपल्या हातांनी कशी चालवावी, तीत सुखाने कसे बसावे आणि अपघात कसे टाळावेत, एवढेच मला सांगावयाचे आहे. परंतु हा विषय कोणाच्या घरचा नाही, असे छातीवर हात ठेवून किती जणांना सांगता येईल? पक्षाघात, मधुमेहामुळे गमावलेला पाय, झाडावरून पडून दुखावलेला पाठीचा कणा, रस्त्यावरचा अपघात, किंवा नुसते वार्धक्य, यांपैकी काही ना काही कारणाने ही खुर्ची घराघरांतून येत असते. आणि ती येते तेव्हा तिच्याविषयी काहीच माहिती नसते.

खुर्ची येते कशी? कोणी सोयरा आपल्या वडिलांच्या मागे पडून राहिलेली आणून देतो, कोणी दाता शिबिरात वाटतो, कोणी दुकानात जाऊन "एक व्हीलचेअर द्या" म्हणून सांगतो. हेतू चांगलाच असतो. पण आपण चप्पल घ्यावयाला जातो तेव्हा "एक चप्पल द्या" असे सांगून येत नाही. पाय घालून पाहतो, चार पावले टाकून पाहतो, अंगठा बोचला तर परत करतो. जी वस्तू दिवसातून दोन-चार तास पायांत असते तिच्याबद्दल ही चिकित्सा. आणि जीत माणसाने दहा-बारा तास बसावयाचे, जिच्यावर त्याचे सारे हिंडणे-फिरणे अवलंबून, ती मात्र मिळेल ती चालते! माझ्या आजच्या सांगण्याचे सार एवढेच आहे की, ही खुर्ची म्हणजे बसणाऱ्याचे पाय होत. ते त्याच्या मापाचे पाहिजेत, त्याच्या ताब्यात पाहिजेत, आणि त्यांनी चालावयाला त्याने शिकले पाहिजे.

या खुर्चीचा इतिहासही हेच सांगतो. जर्मनीत न्यूरेंबर्गजवळच्या आल्टडॉर्फ गावी स्टेफान फार्फलर नावाचा एक घड्याळजी होता. त्याचे पाय निकामी होते. १६५५ साली त्याने तीन चाकांची एक गाडी बनविली आणि पुढच्या चाकाला दात्यांची रचना जोडून ती हातांनी फिरविण्याची सोय केली. त्यापूर्वी राजेरजवाड्यांसाठी चाकांची आसने होतीच. परंतु ती ढकलावयाला नोकर लागे. फार्फलरला नोकराची नव्हे, मोकळेपणाची गरज होती. पुढे १९३३ साली अमेरिकेत हर्बर्ट एव्हरेस्ट आणि हॅरी जेनिंग्ज या दोघा इंजिनियर मित्रांनी पोलादी नळ्यांची, घडी होऊन मोटारीत मावणारी खुर्ची तयार केली. यांतील एव्हरेस्ट हे स्वतः खाणीतील अपघातात कणा मोडून अपंग झालेले. तेव्हा खुर्चीतील दोन मोठ्या सुधारणांमागे खुर्चीत बसणाऱ्याचीच बुद्धी होती, हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे. आज आपण पाहतो ती घडीची खुर्ची त्याच वळणाची.

आता मापाकडे वळू. बाजारात सर्रास मिळणाऱ्या खुर्चीची बैठक बहुधा अठरा इंच रुंद असते. सडपातळ बांध्याच्या माणसाला ती सैल होते. मग तो एका कुशीवर कलतो, कणा वाकडा होतो, आणि चाके दूर पडल्यामुळे हात फाकवून ती ढकलावी लागतात. बसल्यावर मांडी आणि खुर्चीची बाजू यांच्यामध्ये तळहात सपाट सरकेल, इतकीच जागा असावी. बैठकीची खोली अशी असावी की पाठ टेकून बसल्यावर गुडघ्याच्या मागच्या लवणीत दोन बोटे जातील. खोली जास्त झाली तर माणूस पुढे घसरून पोक काढून बसतो; कमी झाली तर मांड्यांना आधार न मिळता सारा भार नितंबांवर येतो. पाय ठेवण्याच्या पट्ट्या फार उंच असल्या तर गुडघे वर येतात आणि तोच भार पुन्हा बैठकीच्या हाडांवर पडतो. फार खाली असल्या तर पाय लोंबकळतात आणि पट्टी रस्त्याच्या उंचवट्याला अडकते. पट्टी आणि जमीन यांत दोन इंच तरी अंतर हवे.

पाठीचे तेच. खुर्ची दुसऱ्याने ढकलावयाची असेल तर उंच पाठ चालते. पण स्वतः चालवणाऱ्याची खांद्याची पाती मोकळी राहिली पाहिजेत, नाहीतर हात मागे जातच नाहीत. अर्थात् ज्याला धड सावरत नाही त्याला उंच पाठ लागेलच. मोठी चाके अशी असावीत की चाकाच्या माथ्यावर हात ठेवला असता कोपर काटकोनापेक्षा थोडे मोकळे राहील. काही खुर्च्यांत चाकाचा आस पुढे-मागे सरकवता येतो. तो पुढे घेतला तर खुर्ची हलकी चालते, पण मागे उलटण्याचा धोका वाढतो. ज्यांचे दोन्ही पाय कापलेले आहेत त्यांच्या शरीराचा भार मुळातच मागे पडतो. त्यांच्या खुर्चीचा आस मागे घ्यावा लागतो. ही गोष्ट कोणी न सांगितल्यामुळे अशी माणसे पहिल्याच चढावर उताणी पडू शकतात. म्हणून माप हे शक्यतो जाणत्या फिजिओथेरपिस्टकडून घ्यावे. जागतिक आरोग्य संघटनेनेही खुर्ची नुसती देऊन न थांबता माप, जुळवणी, शिक्षण आणि नंतरची देखभाल ही सारी तिच्याबरोबर द्यावी, असेच मार्गदर्शन केले आहे.

यापुढचा भाग मी जरा सावकाश सांगणार आहे, कारण येथे जिवाशीच गाठ आहे. आपण आता येथे बसला आहात. गेल्या दहा मिनिटांत आपण किती वेळा कूस बदलली असेल, याचा आपल्याला पत्ताही नाही. एका जागी फार वेळ भार पडला की तेथील बारीक रक्तवाहिन्या दबतात, मांसाला रक्त पोचत नाही, तेथे दुखू लागते आणि आपण नकळत सरकतो. कणा दुखावलेल्या माणसाला हे दुखणे कळतच नाही. तो तसाच बसून राहतो आणि बैठकीच्या हाडांखाली किंवा माकडहाडावर व्रण पडतो. आपण त्याला शय्याव्रण म्हणतो; पण तो शय्येइतकाच खुर्चीतही होतो. तो पुष्कळदा आतून सुरू होतो. वर कातडीवर रुपयाएवढा डाग दिसतो तेव्हा आत पोकळी झालेली असू शकते. मग महिनोन्महिने पालथे पडून राहणे, शस्त्रक्रिया, आणि विष रक्तात भिनले तर मृत्यूसुद्धा.

दुसऱ्या महायुद्धापूर्वी कण्याला इजा झालेली बहुतेक माणसे या व्रणांनी आणि मूत्रमार्गाच्या विकारांनी थोड्याच वर्षांत दगावत. १९४४ साली इंग्लंडमध्ये स्टोक मँडव्हिल येथे डॉ. लुडविग गुटमान यांनी अशा रुग्णांचा विभाग सुरू केला. त्यांच्या यशाचे मर्म एखाद्या दिव्य औषधात नव्हते. दर दोन तासांनी, दिवसा आणि रात्री, रुग्णाची कूस बदलावयाची, हा साधा नियम त्यांनी कठोरपणे पाळला. माणसे जगली. जगल्यावर नुसते जगून काय करावयाचे, म्हणून त्यांना खेळावयाला लावले. २९ जुलै १९४८ रोजी, लंडनची ऑलिंपिक स्पर्धा सुरू झाली त्याच दिवशी, सोळा जखमी सैनिक स्त्रीपुरुषांनी खुर्चीत बसून धनुर्विद्येची स्पर्धा केली. आजच्या पॅरालिंपिकचा उगम तोच. त्याच परंपरेत १९७२ साली हायडेलबर्ग येथे, सांगली जिल्ह्यात जन्मलेल्या मुरलीकांत पेटकर यांनी पोहण्यात भारताला सुवर्णपदक मिळवून दिले. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून या सैनिकाचे कमरेखालचे शरीर लुळे पडले होते. पदकाची गोष्ट आपण अभिमानाने सांगतो. तिच्या मुळाशी कूस बदलण्याचा नियम आहे, तो मात्र विसरतो.

तेव्हा खुर्चीतल्या माणसाने काय करावे? निदान दर अर्ध्या तासाने बैठकीवरचा भार काढावा. पूर्वी हातांवर जोर देऊन अंग उचलावयाला शिकवीत. ते करावयाला हरकत नाही, पण काही सेकंदांतच हात थकतात, आणि रक्त परत भरून यावयाला त्याहून जास्त वेळ लागतो. शिवाय खांदे झिजतात. त्यापेक्षा पुढे वाकून छाती मांड्यांकडे न्यावी आणि मिनिट-दोन मिनिटे तसेच राहावे, किंवा टेबलावर कोपर टेकून आधी एका बाजूला, मग दुसऱ्या बाजूला कलावे. रोज सकाळ-संध्याकाळ कातडी पाहावी. स्वतःला दिसत नसेल तर हातआरसा घ्यावा किंवा घरच्यांना पाहावयाला सांगावे. सावळ्या कातडीवर लाली दिसत नाही. म्हणून हात लावून पाहावे. एखादी जागा आजूबाजूपेक्षा गरम, टणक किंवा सुजलेली लागली तर ती पूर्ववत् होईपर्यंत तिच्यावर बसू नये, आणि ती चोळूही नये. कातडी फुटली असेल तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे.

खुर्चीची कापडी बैठक काही महिन्यांत झोळीसारखी खोल होते. नुसत्या तिच्यावर बसू नये. चांगली गादी हवी. फोमची, जेलची, हवेच्या कप्प्यांची, असे तिचे प्रकार आहेत. फोम दबून पातळ झाला की तो बदलावा. हवेची गादी असेल तर बसलेल्या माणसाच्या हाडाखाली हात घालून पाहावे. हाड तळाला टेकत असेल तर हवा कमी, आणि माणूस फुग्यावर बसल्यासारखा डुलत असेल तर हवा जास्त. आपल्याकडे मोटारीच्या चाकाची ट्यूब फुगवून तिच्यावर बसवण्याची रीत आहे. ती सोडून द्यावी. त्या कड्याने मधल्या जागेचे रक्त उलट अडते.

ज्याला पायांची जाणीव नाही त्याने आणखी एक पथ्य पाळावे. चहाची किटली किंवा गरम ताट मांडीवर ठेवून नेऊ नये. कातडी भाजलेली त्याला कळत नाही. सध्याच्या वैशाखात उन्हात ठेवलेल्या खुर्चीचे लोखंडही तितकेच भाजते.

आता प्रत्यक्ष चालवणे. मोठ्या चाकाला बाहेरून एक कडे असते. हात त्याच्यावर ठेवावयाचे, टायरवर नव्हे. पुष्कळ लोक कडे पकडून लहान लहान हिसके देत जातात, त्याने दम लागतो आणि खांदे बिघडतात. आपले हात हे पाय नव्हेत. जन्मभर त्यांनी चालावयाचे तर त्यांची काटकसर केली पाहिजे. उजव्या बाजूने चाकाकडे पाहिले आणि ते घड्याळ आहे असे समजले, तर अकराच्या आकड्याशी हात लावावा, दोनच्या आकड्यापर्यंत एकसारखे लांब रेटावे, आणि मग सोडून द्यावे. सोडलेला हात कड्याच्या खालून सैल झुलत पुन्हा मागे न्यावा. थोडे रेटे, पण लांब आणि शांत, हे सूत्र. अंगठा आऱ्यांमध्ये कधीही जाऊ देऊ नये. सायकलवाल्यांचे उघड्या बोटांचे हातमोजे वापरावेत. आपल्याकडच्या पोशाखाचीही काळजी घेतली पाहिजे. साडीचा पदर, ओढणी, उपरणे, धोतराचा सोगा, यांतले काहीही चाकात गुंतले तर खुर्ची जागच्या जागी अडते आणि माणूस पुढे फेकला जातो. पदर खोचून घ्यावा, बाजूला आडोशाची पट्टी बसवावी.

थांबण्यासाठी दोन्ही कडी तळहातांत सारखीच हळूहळू दाबावीत. ब्रेक हा चालती खुर्ची थांबवण्यासाठी नसतोच. तो थांबलेली खुर्ची जागेवर ठेवण्यासाठी असतो. चालत्या खुर्चीचा एक ब्रेक ओढला तर ती गरकन् फिरते.

चढावर पुढे वाकावे आणि लहान रेटे द्यावेत. उतारावर पाठ टेकून बसावे आणि कडे तळहातांतून सरकू द्यावे; हात सोडून वेग घेऊ देऊ नये. उतारावर मध्येच वळू नये. मदतनीस असेल तर तीव्र उतारावरून खुर्ची उलटी, म्हणजे मागची चाके आधी, अशी न्यावी. रस्त्याच्या कडेची पायरीही तशीच उतरावी. पाठीमागे जड पिशवी टांगण्याची सवय वाईट. ती चढावर खुर्चीला मागे ओढते. खुर्ची मागे कलंडलीच तर हनुवटी छातीला लावावी, म्हणजे डोके आपटत नाही. नवशिक्याने मागच्या बाजूस उलटण्यापासून अडवणारी छोटी चाके लावून घ्यावीत. पुढची लहान चाके मात्र गटाराच्या जाळीत आणि फरशीच्या फटीत अडकतात. तेथे वेग कमी करावा. खाली पडलेली वस्तू दोन्ही पायांमधून वाकून उचलू नये. खुर्ची तिच्या शेजारी न्यावी आणि बाजूने उचलावी.

खुर्चीतून खाटेवर जाणे हा दिवसातला सर्वांत जोखमीचा प्रवास. खाट आणि बैठक शक्यतो एका उंचीची असावी. खुर्ची खाटेला किंचित तिरकी लावावी, दोन्ही ब्रेक लावावेत, पायपट्ट्या उचलाव्यात, त्या बाजूचा हात काढून ठेवावा. पायपट्टीवर उभे राहू नये. खुर्ची तोंडावर येते. अंतर राहत असेल तर मध्ये गुळगुळीत फळी टाकावी. अंग फरफटत नेऊ नये, त्यानेही कातडी सोलते. ओल्या न्हाणीघरात तर घाई नकोच.

मदत करणाऱ्यांनाही दोन शब्द. खुर्ची उचलताना तिचे हात किंवा पायपट्ट्या धरू नयेत. त्या काढता-घालता येतात आणि नेमक्या वेळी हातात येतात. मूळ सांगाड्यालाच धरावे, आणि कोठे धरू हे बसणाऱ्याला विचारावे. आपली खुर्ची तोच चांगली जाणतो. न विचारता मागून ढकलणे हे चालत्या माणसाला बखोटीला धरून नेण्यासारखेच आहे. आणि दादा खुर्चीत असताना "यांना चहा चालेल का?" असे वहिनींना विचारू नये. दादांनाच विचारावे.

खुर्चीची निगा राखावयाला फार काही लागत नाही. आठवड्यातून एकदा टायर दाबून पाहावे. हवा कमी झाली की खुर्ची जड चालते, आणि टायरवर दाबणारा ब्रेकही सैल पडतो. पुढच्या चाकांच्या आसांत केस आणि दोरे गुंततात, ते काढावेत. सैल स्क्रू आवळावेत. आरे, पंक्चर, बेअरिंग ही कामे कोपऱ्यावरचा सायकलवाला सहज करील.

इतके सगळे केले, खुर्ची मापाची घेतली, चालवणे शिकले, कातडी राखली, आणि दाराला उंबरा आडवा आला तर? घरात पहिल्यांदा टेप घेऊन दारे मोजावीत. दार नव्वद सेंटिमीटर, म्हणजे सुमारे तीन फूट असावे. जुन्या घरांत न्हाणीघराचे दार सर्वांत अरुंद असते आणि गरज तेथेच सर्वांत जास्त. वळावयाला पाच फुटांची मोकळी जागा लागते. उतार करावयाचा तर उंचीच्या बारापट लांब करावा. अर्धा फूट पायरीला सहा फूट उतार. पुष्कळ ठिकाणी दाखवण्यापुरता दोन फुटांचा उतार केलेला असतो. त्याच्यावरून खुर्ची चढत नाही, फक्त घसरते.

कोल्हापूरच्या नसीमा हुरजूक यांनी आपल्या आत्मचरित्राला 'चाकाची खुर्ची' हेच नाव दिले. स्वतः खुर्चीत राहून त्यांनी १९८४ साली संस्था उभी केली आणि कितीतरी मुलांच्या शिक्षणाचा मार्ग मोकळा केला. कायदाही आता बाजूने आहे. दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा कायदा २०१६ साली झाला, आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने असा निर्वाळा दिला की, सार्वजनिक जागा सर्वांना सुगम करण्याचे निकष ऐच्छिक असू शकत नाहीत, ते बंधनकारकच पाहिजेत. परंतु कायदा पायरी फोडावयाला येत नाही. ते काम गावालाच करावे लागते.

म्हणून जाता जाता व्याख्यानमालेच्या चालकांना एक विनंती करतो. या व्यासपीठाला चार पायऱ्या आहेत. अर्धा अर्धा फूट धरली तर दोन फूट उंची, म्हणजे चोवीस फुटांचा उतार लागेल. मंडपात तेवढी जागा आहे, लाकडी फळ्यांचा उतार मांडववालाही करून देईल. पुढल्या वर्षी हाच विषय बोलावयाला, रोज खुर्ची चालवणाऱ्या एखाद्या गृहस्थाला किंवा बाईंना बोलवा. माझ्याहून त्या विषयावरचा त्यांचा अधिकार निश्चितच मोठा आहे. आणि श्रोत्यांत पहिल्या रांगेत दोन-तीन खुर्च्यांची जागा मोकळी सोडा. आज येथे कोणी खुर्चीतून आलेले दिसत नाही; त्याचे कारण गावात अशी माणसे नाहीत हे नसून, प्रवेशदाराशीच पायरी आहे हे असावे.